कल्पित देशातील खरी आडनावे

इसवी सन १९५६ च्या मार्च महिन्यात ऑक्सफर्ड येथील एका प्राध्यापकांना लंडनहून एक पत्र आले. पत्र लिहिणारा गृहस्थ त्यांना सर्वथा अपरिचित होता. पत्राचा आशय असा होता की, आपली एक गोष्ट रेडिओवर क्रमशः सादर झाल्याचे समजते. घरी रेडिओ नसल्यामुळे ती स्वतः ऐकता आली नाही, परंतु ज्यांनी ऐकली ते सांगतात की, तीत सॅम गॅमजी ह्या नावाचे एक पात्र आहे. योगायोग असा की, पत्र लिहिणाऱ्याचे नाव नेमके तेच होते. हे आडनाव इंग्लंडात फार विरळा. तेव्हा ते आपणांस कोठून मिळाले, एवढीच त्याची नम्र पृच्छा होती.

ते प्राध्यापक म्हणजे जे. आर. आर. टोल्कीन. अँग्लो-सॅक्सन आणि मध्ययुगीन इंग्रजी ह्या विषयांत त्यांनी आपला जन्म घालविला होता, आणि तीन खंडांची त्यांची 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही कादंबरी १९५४ व १९५५ ह्या दोन वर्षांत प्रसिद्ध झाली होती. त्यांनी पाचच दिवसांत सविस्तर उत्तर लिहिले आणि स्वतःच्या स्वाक्षरीचे तिन्ही खंड त्या नामधारकास भेट म्हणून पाठवून दिले. त्यांच्या कादंबरीत गॉलम नावाचा एक किळसवाणा, चोरटा प्राणी आहे. आता एखादे दिवशी कोणा श्रीयुत गॉलम ह्यांचेही पत्र येऊन पडते की काय, अशी धास्ती आपणांस काही काळ वाटत होती, असे त्यांनी पुढे नमूद करून ठेवले आहे.

हा प्रसंग केवळ गमतीचा म्हणून सोडून देण्यासारखा नाही. अद्भुतकथेत आडनाव येतेच कसे, हा प्रश्न त्याच्या पोटात आहे. जुन्या कहाण्यांतून आणि परीकथांतून आडनावे नसतात. राजा असतो, त्याच्या दोन राण्या असतात, कोणी गरीब ब्राह्मण, कोणी लाकूडतोड्या. परंतु त्या लाकूडतोड्याचे आडनाव काय, असे आजीला कोणी विचारीत नाही. आडनाव ही कहाणीच्या जगातील वस्तूच नव्हे. ती सारावसुलीच्या वहीतील, खरेदीखतातील आणि वारसाच्या तंट्यातील वस्तू आहे. ज्या देशात आडनावे आहेत त्या देशात दप्तर आहे, वतन आहे, आणि मागील चार पिढ्यांची आठवण ठेवणारे शेजारी आहेत, असे खुशाल समजावे.

इंग्लंडातही आडनावे अनादि नाहीत. १०६६ साली नॉर्मन लोकांनी तो देश जिंकला, त्यापूर्वी माणसास एकच नाव पुरे होई. वंशपरंपरागत आडनाव रूढ झाले ते त्यानंतरच्या तीन-चार शतकांत, प्रथम जमीनदारांत आणि मागाहून कुणब्या-कारागिरांत. त्यांची घडण आपल्याकडच्यासारखीच आहे. कोणी गावावरून ओळखला जाई, कोणी धंद्यावरून, कोणी बापाच्या नावावरून, तर कोणास एखादे टोपणनाव असे चिकटे की ते नातवंडांच्याही माथी बसे. स्मिथ हा मूळचा लोहार, जॉन्सन हा जॉनचा मुलगा, आणि आर्मस्ट्राँगचा कोणी पूर्वज मनगटाचा बळकट असला पाहिजे. टोल्कीन ह्यांनी आपल्या कथेतील हॉबिट नावाच्या ठेंगण्या, खादाड आणि शांतताप्रिय लोकांस हीच व्यवस्था बहाल केली. त्या लोकांचा देश शायर. त्यात देव नाहीत, देवळे नाहीत, राजाही नाही. परंतु वंशवृक्ष मात्र घरोघर आहेत, आणि ते वाचीत बसण्याची हौस फार.

गॅमजी हे नाव प्रथमतः थट्टेतून आले. मराठी कानाला ते रामजी, शामजी ह्यांच्या पंगतीतले वाटते. परंतु टोल्कीन ह्यांच्या बालपणी बर्मिंगहॅमच्या घराघरांतून 'गॅमजी' म्हणजे जखमेवर बांधावयाचा कापूस. त्या शहरातील जोसेफ सॅम्पसन गॅमजी नावाच्या शस्त्रवैद्याने १८८० साली जाळीदार कापडाच्या दोन पदरांत शोषक कापूस घालून एक पट्टी तयार केली, ती त्याच्याच नावाने विकली जाऊ लागली आणि माणसाचे आडनाव वस्तूचे नाव होऊन बसले. पुढे १९३२ साली कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर लमॉर्ना येथे टोल्कीन कुटुंबासह सुट्टीस गेले असता, गावातल्या बातम्या आणि हवामानाची भाकिते सांगत हिंडणारा एक म्हातारा त्यांच्या पाहण्यात आला. मुलांना हसविण्यासाठी त्यांनी त्यास 'गॅफर गॅमजी', म्हणजे गॅमजीबाबा, असे नाव ठेवले. अनुप्रास साधला, एवढेच त्याचे कारण. तेव्हापासून त्या घरात अशा प्रत्येक बडबड्या म्हाताऱ्यास तेच नाव पडले.

दुसरा एखादा कादंबरीकार येथेच थांबला असता. परंतु शब्दाची व्युत्पत्ती सापडल्याशिवाय ज्यास झोप येत नाही असा हा भाषाशास्त्रज्ञ. महायुद्धाहून परतल्यावर १९१९-२० साली त्याने ऑक्सफर्डच्या प्रसिद्ध इंग्रजी शब्दकोशासाठी 'डब्ल्यू' ह्या अक्षराच्या शब्दांवर काम केलेले. थट्टेत सापडलेल्या नावास त्याने मागाहून सबंध इतिहास निर्माण करून दिला. कादंबरीच्या अखेरीस जोडलेल्या परिशिष्टांत सॅमचा वंशवृक्ष आहे. तो वरवर पाहता शुष्क यादी वाटतो. सावकाश वाचला तर त्यात इंग्रजी आडनावांचा चारशे वर्षांचा इतिहास पाच पिढ्यांत आटवलेला दिसतो.

त्या वृक्षाच्या मुळाशी हॅमफास्ट नावाचा पुरुष आहे. त्याची ओळख 'गॅमविचचा' एवढीच. गॅमविच हे गाव. त्याचा मुलगा वाइझमन हा ते गाव सोडून टाइफील्ड येथे गेला, आणि 'चा' हा प्रत्यय गळून 'वाइझमन गॅमविच' झाला. ही गोष्ट मोठी मार्मिक आहे. गावात राहणाऱ्यास गावाचे नाव कोणी लावीत नाही, कारण तेथे सारेच त्या गावचे. आपल्याकडेही पैठणात राहून कोणी पैठणकर होत नसे. पैठण सोडले म्हणजे व्हावयाचे. वाइझमनचा मुलगा हॉब हा दोर वळण्याचा धंदा करी. त्याच्या वेळेपर्यंत गॅमविचचा उच्चार झिजून 'गॅमिज' झाला होता आणि लोक त्यास 'म्हातारा गॅमिजी' म्हणत. त्याचा मुलगा हॉबसन, ह्याचे नावच मुळी 'हॉबचा मुलगा' असे. त्यास 'दोरवाला गॅमजी' म्हणत. हॉबसनच्या मुलांत मात्र घराची वाट दुभंगली. अँडवाइझ हा टाइफील्डलाच राहून दोर वळीत राहिला आणि त्याचे आडनाव 'रोपर', अर्थात दोरवाला, असे पडले. दुसरा हॅमफास्ट, तो हॉबिटन गावी बागकामात शिरला आणि गॅमजीच राहिला. हाच सॅमचा बाप. सख्ख्या भावांची आडनावे निराळी, हा प्रकार इंग्लंडच्या मध्ययुगीन कागदपत्रांत खरोखरीच आढळतो. कथेत संकटाच्या कड्यावरून उतरण्यासाठी सॅम दोर काढतो आणि त्याच्या तोंडी चुलत्याच्या दोरखान्याची आठवण येते, तेव्हा वाचणाऱ्यास ती सहज उच्चारलेली वाटते. तिच्यामागे तीन पिढ्यांचा धंदा उभा आहे हे परिशिष्ट पाहिल्यावर कळते.

एवढ्यानेही प्रोफेसरसाहेबांचे समाधान झाले नाही. आपली कादंबरी ही एका लुप्त भाषेतील जुन्या पोथीचे भाषांतर आहे, अशी त्यांनी भूमिका घेतली होती. त्यामुळे गॅमजी हेही मूळ नाव नव्हे. मूळचे 'गाल्प्सी', ते 'गालबासी' ह्यावरून, आणि ते गालाबास ह्या गावावरून. त्यात 'गालाब' म्हणजे खेळ असावा, अशी 'लोकांची समजूत' आहे, असे ते लिहितात. ज्या शब्दाचे निर्माते आपण स्वतः, त्याच्या व्युत्पत्तीविषयीही 'लोकांची समजूत' असे सावधपणे म्हणणारा लेखक दुसरा सापडणे कठीण. सॅमची बायको कॉटन घराण्यातली. गॅमजी म्हणजे कापसाची पट्टी आणि कॉटन म्हणजे कापूस, तेव्हा हा श्लेष मुद्दाम केला की काय, अशी शंका वाचकांस येणार हे ओळखून त्यांनी तेथेच तिचा इन्कारही करून टाकला आहे. कॉटन हे आडनाव कापसावरून आलेले नसून झोपड्यांची वस्ती ह्या अर्थाच्या जुन्या इंग्रजी ग्रामनामावरून आलेले आहे.

कथानायकांचे आडनाव बॅगिन्स. १९३७ साली निघालेल्या 'द हॉबिट' ह्या पुस्तकातील बिल्बो आणि पुढील कादंबरीतील फ्रोडो हे दोघेही ह्याच घराण्यातले. त्यांच्या घराचे नाव बॅग एंड, म्हणजे पिशवीचा तळ. वूस्टरशरमधील डॉर्मस्टन येथे टोल्कीन ह्यांच्या जेन नावाच्या मावशीचे शेतघर होते. तेथे जाणारी गल्ली त्या घरापाशीच संपे, म्हणून त्यास त्या भागातील लोक बॅग एंड म्हणत. ज्या रस्त्यास पुढे वाट नाही त्यास इंग्लंडातील प्रतिष्ठित लोक 'कुल-द-सॅक' हा फ्रेंच शब्द वापरतात. त्याचाही अर्थ पिशवीचा तळ असाच आहे. परंतु आपल्या शब्दापेक्षा फ्रेंच शब्द वापरला की पत्ता भारदस्त वाटतो. बॅगिन्स मंडळींनी देशी शब्द ठेवला, एवढ्यावरूनच त्यांची जात कळावी. शिवाय उत्तर इंग्लंडच्या बोलीत 'बॅगिंग' म्हणजे दोन जेवणांमधले खाणे, दुपारचा फराळ. हडर्सफील्ड भागाच्या बोलीचा एक कोश वॉल्टर हेग ह्यांनी १९२८ साली प्रसिद्ध केला. त्यात हा शब्द आहे, आणि त्या कोशास प्रस्तावना टोल्कीन ह्यांची आहे. हा धागा टॉम शिपी ह्या अभ्यासकाने उजेडात आणला. पहिल्याच प्रकरणात ज्याच्या घरी तेरा बुटके आगंतुक चहाच्या वेळेस येऊन कोठार रिकामे करतात, त्या गृहस्थाचे आडनाव 'फराळे' निघावे, ह्याहून उचित ते काय?

ह्याच घराण्याची दुसरी शाखा सॅक्व्हिल-बॅगिन्स. सॅक्व्हिल हे नॉर्मंडीतील गावावरून आलेले खऱ्या इंग्रज उमरावांचे आडनाव. 'सॅक' म्हणजेही गोणी, आणि 'बॅग' म्हणजे पिशवी. दोन्ही एकच, परंतु एक दरबारी आणि दुसरे घरगुती. ह्या शाखेचा पुरुष ऑथो, त्याची आई सॅक्व्हिल घराण्यातली, आणि त्या घराण्याचे प्रमुखपण तिच्याकडून त्याच्याकडे आले. बॅगिन्स घराण्याचे प्रमुखपणही मिळाले असते तर त्याने बॅगिन्स-सॅक्व्हिल-बॅगिन्स असे तिहेरी आडनाव लावले असते, असे टोल्कीन ह्यांनी एका पत्रात लिहिले आहे. ऑथोची बायको लोबेलिया ही बॅग एंडच्या लोभाने आयुष्यभर जळत राहिली. अखेर घर मिळाले, पण एकुलता एक मुलगा मारला गेला. तिने घर फ्रोडोस परत केले, माहेरच्या ब्रेसगर्डल लोकांत जाऊन राहिली आणि मरतेवेळी आपला पैसा बेघर झालेल्या हॉबिटांसाठी ठेवून गेली. दुहेरी आडनाव तिच्याबरोबर संपले. ह्या कजाग बाईविषयी शेवटच्या पानांत वाचकास जो अकस्मात कळवळा वाटतो, तो त्या कादंबरीतील फार खऱ्या जागांपैकी एक आहे.

इतर आडनावांविषयी थोडक्यात सांगता येईल. ब्रेसगर्डल म्हणजे कमरपट्टा; हे खरे इंग्रजी आडनाव असून हॉबिटांच्या सुटलेल्या पोटांवर ताणल्या जाणाऱ्या पट्ट्यांची त्यातून आठवण व्हावी, असा हेतू आहे. ब्रँडीबक घराणे मूळचे ओल्डबक. त्यांच्या मूळपुरुषाने ब्रँडीवाइन नदी ओलांडून पलीकडे वतन वसविले आणि नदीवरून नाव बदलले. त्या नदीचे मूळ नाव 'बारांडुइन', तांबूस पाण्याची. पिणाऱ्यांच्या कानांनी त्यातून ब्रँडी ऐकली. टूक ह्या सर्वांत मानाच्या घराण्याच्या आडनावास मात्र काहीच अर्थ नाही. ते इतके जुने की अर्थ झिजून गेला, अशी योजना. जुन्या घराण्यांच्या बाबतीत ही योजना अगदी यथार्थ म्हटली पाहिजे.

आडनावाची खरी किंमत कळते ती ते लपवावे लागते तेव्हा. शत्रूचे हेर 'बॅगिन्स' ह्या एका शब्दाच्या मागावर असताना फ्रोडो 'अंडरहिल' हे खोटे नाव घेऊन ब्री गावच्या खाणावळीत उतरतो. अंडरहिल म्हणजे टेकडीखालचा. अगदी साधे, कोणाचे लक्ष जाऊ नये असे. पण झाले उलटेच. जवळच्या स्टॅडल गावी अंडरहिल मंडळी पुष्कळ. ती त्या रात्री खाणावळीत हजर असतात, आणि हा आपला दूरचा भाऊबंदच असला पाहिजे असे ठरवून आपुलकीने चौकशी सुरू करतात. परक्या गावी स्वतःच्या आडनावाचा माणूस भेटला की काय होते, हे ज्यास ठाऊक आहे त्यास त्या बिचाऱ्या फ्रोडोची अवस्था सांगावयास नको.

राजेलोकांस मात्र ह्या कादंबरीत आडनाव नाही. अमुकाचा पुत्र अमुक, एवढेच. परंतु त्याच ब्री गावी अॅरागॉर्न हा राजवंशाचा वारस 'स्ट्रायडर', म्हणजे ढांगा टाकीत हिंडणारा, ह्या हेटाळणीच्या टोपणनावाने ओळखला जातो. पुढे राज्यप्राप्तीच्या वेळी सोबतच्या हॉबिटाने सर्वांदेखत त्याच नावाने हाक मारली. तेव्हा दरबारी मंडळींना ते खटकले; अॅरागॉर्नने मात्र तेच नाव उच्च भाषेत नेऊन 'टेल्कोंटार' केले आणि आपल्या वंशास कुलनाम म्हणून दिले. खाणावळीतील टवाळी राजघराण्याच्या नावात जाऊन बसली.

एवढी मेहनत केलेल्या नावांस भाषांतरकाराने हात लावला म्हणजे लेखकास काय वाटावे? डच आणि स्वीडिश भाषांतरांतील नावे पाहून टोल्कीन अतिशय कष्टी झाले. मग त्यांनी पुढील भाषांतरकारांसाठी नावांची एक सविस्तर टीप तयार केली. कोणते नाव अर्थ पाहून भाषांतरित करावे आणि कोणते जसेच्या तसे ठेवावे, हे तीत सांगितले आहे. ती त्यांच्या मृत्यूनंतर १९७५ साली छापली गेली. जर्मन भाषांतरात बॅगिन्सचे 'बॉइटलिन' झाले. पिशवीस जर्मन भाषेत 'बॉइटेल' म्हणतात. फ्रेंचमध्ये 'साके', तेथेही पिशवी शाबूत राहिली.

ज्याने इतरांच्या आडनावांचा एवढा खल केला, त्याचे स्वतःचे आडनाव इंग्लंडात परकेच होते. टोल्कीन हे नाव 'टोलक्यून', अर्थात वेडे साहस करणारा, ह्या जर्मन शब्दावरून आले असे ते स्वतः मानीत. आणि एका अपुऱ्या कथेत त्याच अर्थाचे इंग्रजी 'रॅशबोल्ड' हे आडनाव एका प्राध्यापकास देऊन त्यांनी स्वतःचीच थट्टा करून घेतली आहे. अलीकडील वंशसंशोधक ह्या नावाचा संबंध पूर्व प्रशियातील टोल्कीनेन ह्या गावाशी जोडतात; म्हणजे हेही नाव गावावरूनच आलेले असावे. वडील १८९६ साली, ते चार वर्षांचे असताना, वारले. आई १९०४ साली गेली. आईचे घराणे सफील्ड, म्हणजे दक्षिणेकडचे शेत. ते वूस्टरशरमधील ईव्हशॅमच्या परिसरातले. नावाने आपण टोल्कीन असलो तरी आवडीने, बुद्धीने आणि संस्काराने सफील्डच आहोत, अशी कबुली त्यांनी आपल्या मुलास लिहिलेल्या पत्रात दिली आहे. कथानायकाचे घर आईच्या मुलखातील मावशीच्या शेतघरावरून आले, ह्याचा उलगडा येथे होतो.

तथापि बापाचे नाव त्यांनी टाकले नाही. पहिल्या महायुद्धात इंग्लंडात जर्मन नावाविषयी इतका रोष माजला की, खुद्द राजघराण्यानेही १९१७ साली आपले नाव बदलून विंडसर हे घेतले. टोल्कीन १९१६ साली इंग्रज फौजेतून सॉमच्या खंदकांत लढले, ते त्याच जर्मन नावाने. पुढे १९३८ साली 'द हॉबिट'चे जर्मन भाषांतर काढू इच्छिणाऱ्या तेथील एका प्रकाशनसंस्थेने, आपण आर्य वंशाचे आहात काय, अशी लेखी विचारणा केली. त्या पत्राच्या उत्तराचा जो मसुदा आज उपलब्ध आहे, तो भाषाशास्त्रज्ञाच्या संतापाचा नमुना आहे. आर्य हा शब्द भारतीय-इराणी लोकांचा. माझ्या पूर्वजांपैकी कोणी हिंदुस्थानी, फारसी अथवा जिप्सी भाषा बोलत असल्याचे ऐकिवात नाही, असे त्यांनी उत्तर दिले. ज्यू लोकांत जन्मलो आहे काय असे विचारावयाचे असेल, तर त्या प्रतिभावंत लोकांपैकी कोणी आपले पूर्वज नव्हते ह्याचा खेदच वाटतो. आपल्या जर्मन नावाचा आजवर अभिमान बाळगला. परंतु अशा उद्धट चौकशा हाच नियम होणार असेल, तर तसे नाव अभिमानाचा विषय राहणार नाही, हेही त्यांनी बजावले. ते भाषांतर त्या वेळी निघालेच नाही. जर्मन वाचकांच्या हाती बिल्बो बॅगिन्स पडला तो १९५७ साली.

सॅमच्या वंशवृक्षाचा खालचा भाग पाहावयाचा राहिला. युद्धाच्या जखमांनी खचलेला अविवाहित फ्रोडो आपले घर, शेतवाडी आणि कागदपत्रे माळ्याच्या स्वाधीन करून समुद्रापार निघून जातो. बॅग एंडमध्ये त्यापुढे बॅगिन्स कोणी नाही. सॅम आणि रोझ कॉटन ह्यांना तेरा मुले झाली; सॅम सात वेळा मेयर म्हणून निवडून आला. थोरल्या मुलीपासून फेअरबेर्न, अर्थात सुंदर अपत्य, ह्या नावाचे घराणे निघाले. मुलाच्या पिढीत गॅमजी हे आडनाव मागे पडून गार्डनर हे रूढ झाले; बापाने ज्या मातीत गुडघे टेकले तिचे ते नाव. त्या मुलाचे पाळण्यातले नाव धन्याचे, फ्रोडो. फ्रोडो गार्डनरचा मुलगा होलफास्ट गार्डनर, आणि त्याचा मुलगा हार्डिंग. येथे वंशवृक्ष थांबतो. सर्वांत वर 'गॅमविचचा हॅमफास्ट' होता. सर्वांत खाली, आडनाव न घालता, 'टेकडीवरचा हार्डिंग' एवढेच लिहिले आहे.